लिन्थ्वेटकर काका

पहिल्या भेटीत काकांनी मला मी कुठली, काय शिकते, भाडं वेळेवर देईन का, यातलं काहीही विचारलं नाही. क्लेटनमधल्या त्यांच्या घराची मागची खोली बघायला मी गेले होते. त्याआधी चार घरं पाहून झाली होती आणि चारही ठिकाणी फोडणीच्या वासाबद्दल चौकशी झाली होती. काकांनी दार उघडलं, कपाळावरचा चष्मा खाली ओढला, शर्टाच्या खिशातून एक छोटी वही काढली आणि म्हणाले, "आडनाव सांग. सावकाश. एकेक अक्षर."

मी सांगितलं. चिंचवलीकर. मेलबर्नला येऊन मला जेमतेम महिना झाला होता आणि तेवढ्यात माझं आडनाव 'चिन' होऊन गेलं होतं. युनीत, म्हणजे युनिव्हर्सिटीत, चिन, सुपरमार्केटमधल्या नोकरीत छातीवरच्या बिल्ल्यावरही चिन. मला त्याचं काही वाटत नव्हतं, उलट सुटल्यासारखंच वाटायचं. काकांनी इंग्रजीतली तेरा अक्षरं वहीत नीट उतरवून घेतली, बोटाने मोजली आणि विचारलं, "याचे तुकडे कुठं पडतात?"

आडनावाचे तुकडे पाडायला मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं. मी जमेल तसं सांगितलं. चिंच म्हणजे ते आंबट फळ. वली म्हणजे वाडीसारखं काहीतरी असावं. आणि कर म्हणजे त्या गावचा. "त्या गावचा!" काका एवढ्या मोठ्याने म्हणाले की शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं. "म्हणजे तुमच्याकडे ते शेपूट अजून शिल्लक आहे! आमचं गळून पडलं. हे बघ, मी केन लिन्थ्वेट. लिन म्हणजे जवस, ज्याच्या धाग्याचं लिनन विणतात ते. थ्वेट म्हणजे झाडं तोडून मोकळी केलेली जागा. जवस पेरायला मोकळी केलेली जागा. यॉर्कशरमध्ये त्या नावाचं गाव आहे. मग तुमच्या पद्धतीनं मी कोण झालो?"

"लिन्थ्वेटकर," मी म्हटलं.

त्यांनी तेही वहीत लिहून घेतलं. पुढे माझ्या दोन मराठी मैत्रिणी शेजारच्या खोलीत राहायला आल्या, त्यांनी त्याला 'काका' जोडलं आणि सहा फूट उंचीचा, लाल मानेचा, अर्ध्या चड्डीत वावरणारा तो सत्तरीचा ऑस्ट्रेलियन माणूस आमच्यापुरता लिन्थ्वेटकर काका झाला. फोन उचलून ते स्वतःही "लिन्थ्वेटकर स्पीकिंग" म्हणायचे. पलीकडचा माणूस गोंधळला की त्यांना फार आनंद व्हायचा.

काका आयुष्यभर पोस्टी होते, म्हणजे पोस्टमन. त्याच भागात त्यांनी पस्तीसेक वर्षं पत्रं टाकली, आधी सायकलवरून आणि मग त्या छोट्या मोटरसायकलवरून. गुडघे त्यातच गेले. माणसांपेक्षा त्यांना पाकिटांवरची नावं जास्त ओळखीची होती. एकाच घराच्या पेटीत आधी इंग्रज नाव, मग ग्रीक, मग व्हिएतनामी, मग आमच्यासारखी, असं बदलत गेलेलं त्यांनी पाहिलं होतं. नाव कितीही लांब असलं तरी ते अर्धं वाचून पत्र टाकायचं नाही, हा त्यांचा नियम होता. "अर्धं वाचलं की चुकीच्या दारात जातं," ते म्हणायचे. माझं आडनाव त्यांनी चार दिवस बागेत पाणी घालताना घोकलं. पाचव्या दिवशी सकाळी खिडकीखालून हाक आली, "गुड मॉर्निंग, मिस चिंचवलीकर!" 'च'सुद्धा बरोबर होता. माझ्या युनीतल्या एकाही मराठी मित्राने मला पूर्ण आडनावाने हाक मारली नव्हती.

त्यांच्या गॅरेजमध्ये गाडी नव्हती, ती बाहेर रस्त्यावर असायची. भिंतीवर उत्तर इंग्लंडचा मोठा नकाशा होता आणि त्यात टाचण्या. बीट, मेथी किंवा लिंबं द्यायला म्हणून बोलवायचे आणि नकाशापुढे उभं करायचे. शेवटी 'टन' आलं की वस्ती, 'ली' आलं की रानातली मोकळी जागा, 'बी' आलं की समुद्रावरून आलेल्या नॉर्स लोकांनी वसवलेलं गाव, आणि 'थ्वेट'ही त्यांचंच. "क्लेटन म्हणजे चिकणमातीची वस्ती," ते सांगायचे. "तिकडून नाव उचललं आणि इथं आणून ठेवलं. इथल्या जागेला आधीपासून नाव होतं का, हे विचारायला कोणी थांबलं नाही." हे सांगताना त्यांचा आवाज जरा खाली यायचा.

त्यांचं एक म्हणणं मी अजून विसरलेले नाही. मी एकदा म्हटलं होतं, गावाचं नाव लावायचं तर माणसाने गावात राहायला नको का? काका म्हणाले, "उलटं आहे. गावात सगळेच त्या गावचे. तिथं तुला त्या नावानं कोण हाक मारणार? माणूस गाव सोडतो तेव्हाच त्याला गावाचं नाव मिळतं. हे आडनाव म्हणजे कोणीतरी एकदा घर सोडून निघाला होता, त्याची पावती आहे."

मग त्यांनी विचारलं, "चिंचवलीत काय काय आहे?" मी म्हटलं, मी कधी गेले नाही. आम्ही मूळचे कोकणातले एवढंच ठाऊक, मी जन्मले पुण्यात, आणि चिंचवली नावाची गावं बरीच, त्यातलं आमचं कुठलं ते बाबांनाही नक्की सांगता येत नाही. काका माझ्याकडे बघतच राहिले. रागावले नाहीत. फक्त म्हणाले, "पुण्याहून बसनं जाता येईल एवढ्यावर आहे, आणि तू गेली नाहीस." त्यात प्रश्न नव्हता. मी हसून विषय बदलला. तेव्हा मला हसून विषय बदलणं चांगलं जमायचं.

काकांना आडनावाचं एवढं वेड का, हे मला दुसऱ्या वर्षी कळलं. माझे पीआरचे, म्हणजे इथे कायम राहण्याच्या परवानगीचे, कागद अडकले होते. पासपोर्टवर आडनावाचं स्पेलिंग एक होतं, पुण्याच्या डिग्रीवर दुसरं. दोन्ही मीच, हे लिहून द्यायचं होतं. मी वैतागून म्हटलं, एवढं लांबलचक नाव हवंच कशाला, इथं कायमचं 'चिन' करून टाकते. काकांनी मला गाडीत घातलं, कोपऱ्यावरच्या फार्मसीत नेलं, कारण फार्मसिस्टची साक्ष चालते, आणि काउंटरवर उभं राहून तो कागद माझ्याकडून एकेक अक्षर लिहून घेतला. एक 'ए' राहिला तेव्हा नवीन फॉर्म मागितला. मागे रांग लागली होती. "थांबतील," ते म्हणाले. परत येताना सिग्नलला गाडी थांबली, तेव्हा समोर बघत त्यांनी सांगितलं.

ते चार वर्षांचे असताना त्यांच्या आईने त्यांना मुलांच्या एका होममध्ये सोडलं होतं. वडील आधीच कुठेतरी गेलेले. आई पुन्हा आली नाही. "होममध्ये बाकीच्या मुलांच्या उशीखाली काही ना काही असायचं," काका म्हणाले. "फोटो, आईचा रुमाल, एखादं पत्र. माझ्याकडे आईनं पाठ करून घेतलेलं स्पेलिंग होतं. एल, आय, एन, टी, एच, डब्ल्यू, ए, आय, टी, ई. तिथल्या बाईंना ते लिहिता यायचं नाही, त्या मला 'लिन' म्हणायच्या. मी अंघोळ करताना रोज मनातल्या मनात ते पूर्ण म्हणायचो. विसरलो असतो तर मी कोणाचा, हे सांगायला दुसरं काहीच नव्हतं." सिग्नल हिरवा झाला. त्यांनी गियर टाकला आणि म्हणाले, "म्हणून ते 'चिन' वगैरे करू नकोस, मेट."

मी केलं नाही. लग्न झालं तेव्हाही आडनाव बदललं नाही. समीरला, माझ्या नवऱ्याला, त्याचं काही वाटलं नाही. त्याच्या आईला वाटलं, पण ती पुण्यात होती.

लग्नानंतर आम्ही शहराच्या दुसऱ्या टोकाला, ट्रुगानिनाला घर घेतलं. तिथे सगळं नवीन होतं. रस्ते नवीन, झाडं काठीएवढी, आजूबाजूला निम्मे लोक आपले. काका घर बघायला आले, दारावरच्या पाटीवर दोन आडनावं पाहून खूश झाले आणि म्हणाले, "आणि ट्रुगानिना हे एक नाव तरी विलायतेतून आणलेलं नाही, इथल्याच मूळच्या लोकांचं आहे." सुरुवातीला मी महिन्यातून एकदा क्लेटनला जायची. मग अन्वी झाली. मग दोन महिन्यांतून एकदा, मग दिवाळीला फराळाचा डबा द्यायला. तेही एका वर्षी समीरच एकटा देऊन आला. काकांच्या पत्नी मी येण्याआधीच वारल्या होत्या, मुलगी हेलन पर्थला. त्यांच्याकडे कोणाचं येणं-जाणं फारसं नव्हतं हे मला माहीत होतं. माहीत असूनही वीकेंड भरून जायचा.

लिन्थ्वेटला जायचं काकांनी दोनदा ठरवलं होतं. पहिल्यांदा पत्नीचं आजारपण निघालं. दुसऱ्यांदा तिकिटाच्या आधी तपासणी केली, तर हृदयाचं काहीतरी निघालं आणि डॉक्टरांनी एवढ्या लांबच्या विमानप्रवासाला साफ नाही म्हटलं. त्यांनी त्यावर कधी रडगाणं गायलं नाही. नकाशा मात्र गॅरेजमधून बैठकीच्या खोलीत आला.

माझी कंपनी प्रयोगशाळेची उपकरणं विकते. इंग्लंडच्या एका हिवाळ्यात मला दोन आठवड्यांच्या ट्रेनिंगसाठी तिथे पाठवायचं ठरलं. गाव होतं लीड्स. मी नकाशा उघडून पाहिला आणि काकांना फोन केला. 'लीड्स' ऐकताच पलीकडे टाचण्यांची डबी पडल्याचा आवाज आला.

"तिथून तासाभरावर आहे," ते म्हणाले. "आधी ट्रेन, मग बस."

"मला माहीत आहे, काका. म्हणून तर फोन केला. मी जाऊन येते तुमच्यासाठी. फोटो काढते, व्हिडिओ करते."

"फोटो नकोत. फोटो मी कॉम्प्युटरवर सगळे पाहिलेत. प्रत्येक गल्ली पाहिली. तू फक्त जा. उभी राहा. मग परत ये आणि मला सांग."

निघायच्या आदल्या आठवड्यात मी त्यांच्याकडे गेले तेव्हा त्यांनी एक कागद दिला. पोस्टीच्या ठसठशीत अक्षरात पाच प्रश्न होते. चढ किती दम लावतो? पाण्याचा आवाज येतो का? वास कसला येतो? लोक अनोळखी माणसाकडे बघतात का? आणि शेवटी, गावचे लोक गावाचं नाव कसं म्हणतात? मी तो पर्समध्ये ठेवला. "नक्की," मी म्हटलं. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. त्यांनी असं कधी केलं नव्हतं.

आता जे झालं ते सरळ सांगते. मी गेले नाही.

पहिल्या शनिवारी झोप पुरी व्हायची होती. रविवारी पाऊस होता आणि होमवर्क होतं. दुसऱ्या शनिवारी ट्रेनिंगमधल्या सगळ्यांनी मँचेस्टरला जायचं ठरवलं. ट्रेन त्याच बाजूने जाते, वाटेत उतरता आलं असतं. पण सगळे गप्पांत रंगले होते, आणि मला एकटीने उतरून अनोळखी गावात बस शोधायचा कंटाळा आला. मँचेस्टरला मी अन्वीसाठी बूट घेतले. दुसरा रविवार मोकळा होता. सकाळी नऊ वाजता मी बसची वेळ पाहून ठेवली. मग घरी फोन लावला, मग जरा पडले, मग जेवले, मग बॅग भरायला घेतली. तीन वाजता मनात आलं, आता अंधार लवकर पडेल. एवढंच. कोणी आजारी पडलं नाही, गाड्या बंद नव्हत्या. मी स्वतःला विचारते तेव्हा काहीतरी मोठं कारण शोधते. तसं कारण नाही. एका म्हाताऱ्या माणसाच्या अख्ख्या आयुष्यासाठी मला एक दुपार काढायचा कंटाळा आला.

परतल्यावर लगेचच्या रविवारी मी क्लेटनला गेले. वाटेत पूर्ण ठरवलं होतं की खरं सांगायचं. काकांनी दार उघडलं. त्यांनी फुल पँट घातली होती आणि इस्त्रीचा शर्ट. केस पाण्याने बसवले होते. टेबलावर कप, बिस्किटं आणि नवी कोरी वही होती, पेनाचं टोपण काढून ठेवलेलं.

"बस," ते म्हणाले. "आधी चहा घेणार की आधी सांगणार?"

मी आधी सांगितलं. आदल्या दिवशी मी इंटरनेटवर त्या गावातून पुढे-मागे फिरून आले होते. तेच सांगितलं. काळपट दगडी घरं, उभा चढ, खाली दरीत जुन्या गिरणीची इमारत. चढाने दम लागला, मी म्हटलं. पाण्याचा आवाज येतो, म्हटलं. वास ओल्या गवताचा आणि कुठूनतरी कोळशाचा. एक बाई कुत्रं घेऊन चालली होती, ती थांबून माझ्याकडे बघून हसली, असंही सांगितलं. ती बाई मी बोलता बोलता तयार केली. सुरू झाल्यावर ते इतकं सोपं जात होतं की माझी मलाच भीती वाटली. काका भराभर लिहीत होते, मधेच थांबून डोळे मिटत होते.

"आणि नाव?" त्यांनी विचारलं. "नाव कसं म्हणतात?"

"तुम्ही म्हणता तसंच," मी म्हटलं. "लिन्थ्वेट."

त्यांचं पेन थांबलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. मग पेनाला टोपण घातलं, वही मिटली आणि म्हणाले, "थँक यू, मेट. चहा गार होईल." मला वाटलं, भरून आलं असेल. मग त्यांनी अन्वीची शाळा, समीरची नोकरी, आमच्याकडची काठीएवढी झाडं, असं सगळं विचारलं. जाताना लिंबांची पिशवी दिली. फाटकापर्यंत आले, आणि मी गाडी वळवेपर्यंत हात हलवत उभे होते.

त्यानंतर मी गेले नाही. खोटं पचलं होतं, म्हणजे खरं तर जायला हरकत नव्हती. पण त्या खोलीत तो नकाशा होता. ते पुन्हा त्या बाईबद्दल, त्या कुत्र्याबद्दल विचारतील, मी काय सांगितलं होतं ते मला आठवणार नाही, या धाकाने मी टाळत राहिले. पुढच्या महिन्यात जाऊ, असं म्हणत आठ महिने गेले.

हेलनचा फोन आला तेव्हा मी ऑफिसमध्ये होते. काका सकाळी बागेत पडले होते. शेजाऱ्यांनी ॲम्ब्युलन्स बोलावली, पण उपयोग झाला नाही.

अंत्यविधीला पंधरा-सोळा माणसं होती. निम्मे म्हातारे पोस्टी, एकदोन शेजारी, एक माझी जुनी मैत्रीण. हेलनने विचारलं, दोन शब्द बोलशील का? मी उभी राहिले. फार्मसीतल्या कागदाचं सांगितलं, स्पेलिंगचं सांगितलं. लोक हसले, काहींनी डोळे पुसले. मी खाली बसणार तेवढ्यात पहिल्या रांगेतून एक वयस्कर पोस्टी म्हणाला, "आणि ते गाव? केन आम्हाला सगळ्यांना सांगायचा, ती माझ्यासाठी जाऊन आली म्हणून. गावाचं सांग ना, लव्ह." सगळे माझ्याकडे बघायला लागले. आणि मी सांगितलं. शवपेटी शेजारी होती, आणि मी चढ सांगितला, पाण्याचा आवाज सांगितला, कुत्र्यावाली बाईसुद्धा सांगितली. हेलन मान खाली घालून ऐकत होती.

दुसऱ्या दिवशी तिने मला घरी बोलावलं. कागदांची आवराआवर चालली होती. तिने एक फाइल माझ्यापुढे ठेवली. "डॅडचा सगळा पत्रव्यवहार. तुला हवा असेल तर घे. मला यातलं फारसं कळत नाही." मी उघडली. सगळ्यात वर निळ्या शाईतलं एक पत्र होतं, लिन्थ्वेटमधल्याच कोण्या बाईंचं. काकांनी पाठवलेल्या पत्राचं उत्तर. गावाविषयी बरंच काही लिहिलं होतं, आणि शेवटी हे की, तुम्ही कधी आलात तर एक लक्षात ठेवा, इथे जुनं कोणी लिन्थ्वेट म्हणत नाही. लिहायचं तसं, म्हणायचं 'लिन्फिट'. त्या ओळीखाली काकांनी दोन रेघा मारल्या होत्या आणि बाजूला उद्गारचिन्ह काढलं होतं. पत्रावरची तारीख माझ्या प्रवासाच्या वर्षभर आधीची होती.

मी पत्र घडी घालून परत फाइलमध्ये ठेवलं. मग म्हटलं, "हेलन, मी गेले नव्हते."

"आय नो," ती म्हणाली.

ती खोक्यात पुस्तकं भरत होती. ती थांबली नाही. "त्या दिवशी तू गेल्यावर डॅडनं मला फोन केला. हे पत्र आलं तेव्हा तो किती हसला होता! सत्तर वर्षं मी स्वतःचंच नाव चुकीचं म्हणत आलो, म्हणाला. त्यानं तुला मुद्दाम सांगितलं नव्हतं. तू तिथं बस ड्रायव्हरला विचारशील, तो भलतंच काहीतरी म्हणेल, तू गोंधळशील, आणि परत येऊन त्याला ते सांगशील. त्याला तुझ्या तोंडून ऐकायचं होतं."

"ते चिडले असतील."

"नाही." तिने खोक्याला चिकटपट्टी लावली. "म्हणाला, तिला जमलं नसणार. तरी बिचारी दोन तास बसून माझ्यासाठी अख्खं गाव उभं करत होती. मी म्हटलं, डॅड, तिला स्पष्ट सांग ना तुला कळलंय म्हणून. तर म्हणाला, अजिबात नाही. तिला कळलं की मला कळलंय, तर ती यायची बंद होईल."

हेलनने माझ्याकडे पाहिलं, पहिल्यांदाच नीट. तिच्या नजरेत राग असता तर मला बरं वाटलं असतं. "मी तसंही यायचं बंद..." मी सुरुवात केली.

"हो," ती म्हणाली. "ते तो बोलला नाही. पण मला माहीत आहे."

फाइल मी घेतली नाही. घ्यायचा मला हक्क नव्हता. हेलन म्हणाली, कागद तरी कोणाच्या कामाला येतील, ती त्या पत्रवाल्या बाईंना पाठवेल. मी पत्ता एका पाकिटावर लिहून दिला, तेवढंच काम माझ्या हातून झालं. दारात तिने मला जवळ घेतलं नाही, हात पुढे केला. मी तो धरला.

गाडी घराजवळच्या वळणावर थांबवून मी फोन काढला. त्या आठ महिन्यांत काकांनी मला तीनदा फोन केला होता. तिन्ही वेळा मी स्क्रीनवर नाव पाहून तो वाजू दिला होता. त्यांनी व्हॉइसमेलवर निरोप ठेवले होते, ते मी पुसलेही नव्हते आणि ऐकलेही नव्हते. आता ऐकले. पहिल्यात ते म्हणत होते की मेथी फार आली आहे, तुमचे लोक तिचं काय काय करतात ते त्यांना आठवत नाही. दुसऱ्यात, अन्वीला पाचवं लागलं असेल, हॅपी बर्थडे सांग. तिसरा महिन्याभरापूर्वीचा होता. आवाज जरा बसलेला.

"लिन्थ्वेटकर बोलतोय. घाई काही नाही. काम असेल तुला, ठाऊक आहे. एवढंच सांगायचं होतं की रविवारी दुपारी मी घरीच असतो. आलीस तर ये. काही सांगावं लागत नाही. नुसतं बसू."

फोन बंद कसा करायचा, हे त्यांना कधी नीट जमलं नव्हतं. निरोप तिथे संपला नाही. खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग नळ, मग किटलीचं झाकण. कुठेतरी मॅगपाय पक्षी ओरडत होता. काका खोलीतून इकडून तिकडे चालत होते, पाऊल ओढत, एकटे. त्यांना वाटत होतं फोन ठेवून झाला आहे. दोन मिनिटं तसंच चाललं. मग निरोपाची मुदत संपली आणि तो आपोआप बंद झाला.